पहाटेची कळ

कोयनानगरच्या वसाहतीत अंजना अंगणवाडी चालवायची. पंचेचाळिशीची, अंगानं काटक. भरली घागर घेऊन चढण चढली तरी तिला धाप लागत नसे. पण पहाटे, अंथरुणात पडल्यापडल्याच छातीत कळ यायची. काळीज मुठीत धरून कुणी पिळावं तशी. दातखीळ बसायची, साडी घामानं भिजायची.

पहिली एसटी उजाडल्यावर सुटे. घाट उतरून कराडच्या दवाखान्यात पोचेतो कळ ओसरलेली असायची. डॉक्टर कार्डिओग्राम काढायचे, त्यात काही सापडायचं नाही. "बाई, हृदय ठणठणीत आहे. मनाला काही लावून घेऊ नका."

चौऱ्याण्णव साल होतं, भूकंपाचे धक्के अधूनमधून चालूच होते. शेजारणी म्हणत, हिनं धास्ती घेतलीय. नवरा सोपान वैतागून म्हणे, "डाक्टर न्हाई म्हनतोय, मग तुला कसलं दुखतंय गं?" दुखायचं तेव्हा डॉक्टर नाही, डॉक्टर समोर असला की दुखणं नाही. दाखवायचं काय? मग जाग आली की धीरासाठी ती दातांना तंबाखूची मशेरी लावत बसायची, दोनदा, तीनदा.

एका दुपारी ती कुणाला न विचारता कराडला गेली आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात ठाण मांडलं.

"मावशी, डॉक्टर सकाळी भेटतील," नर्स म्हणाली.

"मला बी सकाळीच दुखतंय, बाई. हाकलू नगा."

नर्सनं बाकावर निजू दिलं. फटफटायच्या आधी कळ आली. ओरडायला आवाज फुटेना, म्हणून अंजनानं जेवणाचा डबा फरशीवर आपटला. नर्स यंत्र ओढत धावली. या खेपेला कागदावरच्या रेघा उसळून वर गेल्या. मागच्याच क्वार्टरमधून धावत आलेल्या डॉक्टरांनी जिभेखाली गोळी ठेवली. कळ उतरली, तशा रेघाही खाली आल्या.

"चुकलं माझं," डॉक्टर म्हणाले. "तुमचं दुखणं खरं आहे."

मिरजेला तपासणी झाली. हृदयाच्या नळ्यांत अडथळा कुठंच नव्हता. नळीच आवळत होती. मशेरीचं कळल्यावर डॉक्टरांनी समजावलं, "तंबाखूनं नळीचं आतलं अस्तर खराब होतं, लोखंडाला गंज चढावा तसं. मग नळी सैल राहत नाही, आखडते."

अंजना हबकली. जिच्या आधारानं पहाट काढायची, तीच गळा धरत होती.

मशेरी सोडणं कळ सोसण्याहून जड गेलं. डोकं ठणकायचं, हात शिवशिवायचे. एकदा मोह झाला, पुन्हा लावली, आणि दुसऱ्याच पहाटे भोगलं. त्यानंतर मात्र शिवली नाही. गोळ्या चालू झाल्या, कळ हळूहळू थांबली. सोपानचा ताठाही उतरला. गोळ्यांची डबी तोच उशाशी ठेवू लागला.

पण पहाटेची झोप काही परतली नाही.

"आता दुखत न्हाई न्हवं? नीज की," तो म्हणे.

"निजते," ती म्हणायची, आणि उजाडेस्तोवर भिंतीला टेकून कळेची वाट बघत राहायची.