शनिवारची माफी

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. त्याच्या आदल्या संध्याकाळी घरातल्या प्रत्येकानं प्रत्येकाची माफी मागायची, हा पप्पांचा नियम. मनात अढी ठेवून प्रभुभोजनाची भाकर घ्यायची नाही. पप्पा फॅक्टरीत फिटर होते. देवाचं कामसुद्धा त्यांना शिफ्ट सुटायच्या आत आटोपलेलं आवडायचं. म्हणून दुसरा नियम: समोरच्यानं 'माफ कर' म्हटलं की 'केलं' म्हणायचं. कशाबद्दल, ते विचारायचं नाही. विचारलं की भांडण पुन्हा उकरलं जातं, म्हणे.

आम्ही चौघं. पाच मिनिटांत सगळे पवित्र. दादा माझी वेणी ओढत 'माफ कर' म्हणायचा, आणि मी 'केलं' म्हणता म्हणता त्याला चिमटा काढायचे. पुढे चर्चमध्ये माझं दृढीकरण झालं, मीही भाकर घेऊ लागले, नोकरी लागली, दादा लग्न करून नागपूरला गेला, पण चेरीताल मोहल्ल्यातल्या आमच्या दोन खोल्यांत शनिवार कधी चुकला नाही. मी शाळेत शिकवते. 'नुसतं सॉरी नको, कशाबद्दल ते सांग,' असं पोरांना रोज दटावते. घरी मात्र डोकं चाललं नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

गेल्या वर्षी आई दवाखान्यात होती. शनिवार होता. मी तिच्या खाटेपाशी बसून पेपर तपासत होते. ती म्हणाली, "बेटा, मला माफ कर."

"केलं, केलं." मी मानही वर केली नाही.

"अगं, ऐक तरी."

"केलं म्हटलं ना आई. चलो, झोप आता."

ती झोपली. मंगळवारी पहाटे गेली.

मी रडले नाही. मातीला आलेल्या लोकांना चहा दिला, खुर्च्या मोजून मंडपवाल्याला परत केल्या. पाळकसाहेब म्हणाले, पोरगी विश्वासात खंबीर आहे. कसला विश्वास अन् कसलं काय. दात काढायच्या आधी हिरडी बधीर करतात ना, तशी मी अख्खी झाले होते. प्रार्थनेला डोळे मिटायचे आणि आत काहीच नसायचं. त्याचं वाईटही वाटायचं नाही. फक्त एक गोष्ट हवी होती: आई कशाची माफी मागत होती, ते कळायला हवं होतं. ते न कळता मी दिलेली माफी खोटी होती, आणि खोटी माफी देऊन भाकर कशी घ्यायची? प्रभुभोजनाला सगळे उठून वेदीपाशी जायचे, मी बाकावर बसून राहायचे. पप्पांना विचारून पाहिलं. ते म्हणाले, "तिनं मागितली, तू दिली. बात खतम."

मग या जानेवारीतला शनिवार. बाजारात जवळच्या पनागर गावचा मटार आला होता, आम्ही दोघं सोलत बसलो होतो. पप्पा नेहमीच्या आवाजात म्हणाले, "माफ कर, बेटा."

"कशाबद्दल?"

त्यांचा हात थांबला. "हे काहून विचारून राहिली तू?"

"आईला विचारलं नाही, म्हणून."

मला वाटलं, आता भडकतील. भडकू देत. मलाही राग आला होता, आणि इतक्या महिन्यांत काहीतरी आलं याचंच मला नवल वाटलं. त्यांनी हातातली शेंग न सोलताच खाली ठेवली.

"त्या सोमवारी रात्री ती पाणी मागून राहिली होती," ते खाली बघत म्हणाले. "डॉक्टरांनी मना केलं होतं. मी नाही दिलं. तिला म्हटलं, सकाळी देतो."

तीस वर्षांची सवय. 'केलं' अगदी जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं आणि म्हटलं, "अजून सांगा, पप्पा."