भोंग्याची साक्षीदार

भाजीबाजार तिला भोंगा म्हणायचा, आणि तीही ते नाव मिरवायची. तिने "टोमॅटो घ्याऽऽ" म्हटलं की पलीकडच्या रस्त्यावरचं गिऱ्हाईक पिशवी घेऊन वळायचं. उरलेला आवाज धाकट्या जावेवर खर्च व्हायचा.

"ए मुके, वजन नीट कर! माहेरी काय वाळू मोजत होतीस?"

बाजार फिदीफिदी हसायचा. खोटं कशाला बोला, आपणही हसलो असतो. मुकी मान खाली घालून पालेभाजीच्या जुड्या बांधत राहायची.

मग भोंग्याच्या गळ्याला गाठ आली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर खाटेपाशी आले, "किरकोळ आहे, लवकरच बाजारात बसाल" म्हणाले आणि सटकले. मुकी तिथेच डबा धुवत होती. गाठ गेली, पण तिच्यासोबत आवाजाची नसही कापली गेली. उरली नुसती फुसफुस, पंक्चर झालेल्या ट्यूबसारखी. न ओरडणाऱ्या गाळ्याकडे कोण वळतो? धंदा बसला.

तिने भरपाईचा दावा ठोकला. तिचे वकील म्हणाले, "नस कापली जाण्याचा धोका असतोच, असं ते म्हणणार. आपला मुद्दा एकच: तो धोका त्यांनी आधी सांगितलाच नाही. तेव्हा खोलीत कोण होतं?"

"मुकी," भोंगा फुसफुसली.

"विश्वासाची आहे?"

"मी सांगेन तेवढंच बोलते. तिच्या तोंडात जीभ आहे की नाही, नवऱ्यालाही ठाऊक नसेल."

साक्षीच्या दिवशी डॉक्टरांच्या वकिलाने मुकीला विचारलं, "आवाज जाऊ शकतो, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं?"

मुकीने जावेकडे पाहिलं. अगदी निवांत पाहिलं.

"सांगितलं की. दोनदा. जाऊबाई म्हणाल्या, गेला तर गेला, घरात जरा शांतता होईल."

कोर्टात हशा पिकला. भोंगा ताडकन उठली. गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या, तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"बाई, मोठ्याने बोला," न्यायाधीश म्हणाले. "काही ऐकू येत नाही."

दावा फेटाळला गेला.

आता गाळ्यावर पुढे मुकी बसते, आणि काय आवाज लागलाय म्हणता! इतकी वर्षं कुठल्या मडक्यात झाकून ठेवला होता कोण जाणे. भोंगा मागे पोत्यावर बसून जुड्या बांधते.

"जाऊबाई, हात चालवा," मुकी भर गिऱ्हाइकांत ओरडते, "बडबड पुरे!"

बाजार फिदीफिदी हसतो.