मास्तरांचा कॉमनसेन्स आणि एकनाथचे सहा महिने

किस्से कोणी जमवत नाही हो, ते आपोआप जमतात. आमच्या बमरोलीच्या साडी प्रिंटिंग मिलमध्ये पंख्यांवर धूळ बसायची, तसेच! नव्वदीच्या दशकात मी तिथे सुपरवायझर होतो. तिथल्या निम्म्या किश्श्यांना एकच शब्द कारणीभूत: कॉमनसेन्स!

शब्द मोरे मास्तरांचा. मास्तर म्हणजे रंग बनवणारा मुख्य माणूस, आमच्या गुजराती शेठनंतर मिलमध्ये त्यांचंच चालायचं. कोणाचंही काही चुकलं की ओरडणार, "अरे, कॉमनसेन्स वापर!"

तो वापरायला आला एकनाथ. शिरपूरकडचा, रंगखात्यात हेल्पर, सहा महिने ट्रायलवर. कायम झाला तरच मिलच्या चाळीत खोली, आणि खोली मिळाली तरच गावाकडून बायको आणि तान्ही मुलगी येणार. मास्तर 'हो' म्हणाले की शेठ सही करणार. गडी मास्तरांच्या तोंडाकडे असा बघत राहायचा की मलाच कसंतरी व्हायचं.

* * *

पहिल्याच आठवड्यात त्याने छपाई थांबवली! ऑर्डर निळ्या साड्यांची, आणि कापडावर उमटत होता मळकट तपकिरी रंग. "बंद करा, बंद करा!" करत हा टेबलाच्या कडेने धावत सुटला. सगळं काम ठप्प.

आता आमच्या पॉलिएस्टरवरचा रंग आधी भलताच दिसतो, वाफ दिली की खुलतो. पण हे त्या बिचाऱ्याला सांगायचं कोणाला सुचलंच नव्हतं.

"मास्तर, तुम्हीच म्हणाला होता ना, कॉमनसेन्स वापर."

"वापर की! पण वाफ दिल्यावर!"

* * *

पुढच्या महिन्यात कोणीतरी फुलांच्या फ्रेममध्ये, म्हणजे छापायच्या जाळीत, हिरवा रंग ओतला आणि पानांच्या फ्रेममध्ये लाल. एकनाथला दिसत होतं. पण आता तो शहाणा झाला होता. वाफेत खुलेल, म्हणून गप्प बसला.

वाफेतून साड्या निघाल्या. हिरवी फुलं, लाल पानं! मास्तरांनी कपाळाला हात लावला. गेली याची नोकरी, असंच मी धरून चाललो. तेवढ्यात मार्केटमधला एक व्यापारी आला, त्याने साडी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "वाह! नवी डिझाइन? अजून दोनशे काढा."

मास्तर धावतच रंगखात्यात गेले. "एकनाथ, त्या दिवशी काय केलंस? तेच पुन्हा कर!"

"मास्तर, मी काहीच केलं नव्हतं!"

* * *

त्याच व्यापाऱ्याने एकदा माल परत पाठवला. म्हणे शेड जुळत नाही. मास्तर चिडले. नमुना घेऊन थेट त्याच्या दुकानात, मला सोबत ओढून. ट्यूबलाइटखाली पाहिलं तर खरंच जुळत नव्हती. मास्तरांनी व्यापाऱ्याला हाताला धरून बाहेर उन्हात आणलं. तिथे अगदी तंतोतंत!

व्यापारी म्हणाला, "मास्टर, थोडा कॉमनसेन्स! गिऱ्हाईक साडी बघतं कुठे? दुकानात."

मास्तर म्हणाले, "आणि नेसून फिरतं कुठे? दुकानात?"

* * *

माझंही सांगतो, उगाच लपवू कशाला? मे महिना, अंगाची लाही लाही. छपाईवाले घामाने निथळत होते. मला दया आली. मी मोठा पंखा आणवला आणि टेबलांकडे तोंड करून सोडला. लोक खूश! मीही खूश. अर्ध्या तासात फ्रेमच्या जाळीतला रंग वाळला, जाळ्या बुजल्या आणि सगळ्या साड्यांवर कोरे डाग.

मी म्हटलं, "मास्तर, एवढ्या उकाड्यात पंखा लावू नये हे कोणाला सुचेल?"

एकनाथने खाली मान घालून जाळी धुवायला घेतली. मास्तर मला म्हणाले, "साहेब, तुमची ट्रायल कधी संपली?"

* * *

सहा महिने पुरे व्हायला आठ दिवस राहिले. मास्तरांचं अजून "बघू." एकनाथचं जेवणात लक्ष नव्हतं. अशात एका सकाळी मिलच्या गेटवर एक बाई येऊन उभी राहिली. कडेवर मुलगी, पायाशी ट्रंक, ट्रंकेवर स्टोव्ह!

एकनाथ धावतच गेटवर आला. "अगं, तुला बोलवलं कोणी?"

नेमकी त्याच वेळी शेठची गाडी आली. शेठ उतरले, ट्रंक पाहिली, स्टोव्ह पाहिला. मी सांगितलं, एकनाथची बायको. मास्तरही बाहेर आले. मला वाटलं, झालं! आता दोघांना एकाच एस.टी.त बसवून द्यावं लागणार.

शेठ म्हणाले, "पण बेन, एकनाथ अजून पक्का नाही झाला. यायच्या आधी थोडा कॉमनसेन्स वापरायचा ना!"

तिने पोरीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"वापरूनच आले, शेठ. माणूस कामाचा नसता, तर तुम्ही एवढे महिने ठेवला असता का?"

शेठनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी माझ्याकडे. मी स्टोव्हकडे.

"मास्टर," शेठ म्हणाले, "एकनाथचा पक्का करायचा फॉर्म आणा. आणि या बेनचा पण!"