चाळीस पावलांवर बाई

पेंडसेबाई गेल्याचा फोन त्यांच्या भाच्यानं केला. "हुसेनभाई, मावशी गेली. झोपेतच." मी इन्ना लिल्लाह म्हटलं आणि लगेच तोंडातून निघून गेलं, "माझ्यासाठी काही म्हणाल्या का?" तो गोंधळला. "कशाबद्दल?" "काही नाही," म्हणून मी फोन ठेवला. महिना झाला, ते "काही नाही" घशातून उतरत नाही...

बाई सदाशिव पेठेत मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि मी कसब्यातून टांगा हाकायचो. माझी शाळा तिसरीतच सुटली, पण घोडा मला कुणी शिकवावा लागला नाही. बाप टांगेवाला, आजा टांगेवाला. बाई रोज माझ्याच टांग्यात, मागच्या बाजूला, माझ्याकडं पाठ करून बसायच्या. एकदा एक सायकलवाला आडवा आला आणि वीतभरानं वाचला. बाई म्हणाल्या, "जरा हळू हाका. वेग दुप्पट केला की थांबायला जागा चौपट लागते." मी म्हणालो, "दुप्पट वेग, दुप्पट जागा. तुमचं पुस्तक घोड्यानं वाचलेलं नाही."

हे भांडण त्यांच्या वर्गापर्यंत गेलं. एका रविवारी सकाळी येरवड्याकडच्या मोकळ्या रस्त्यावर बाई चार मुलींना घेऊन हजर. रस्त्यावर खडूनं रेघ मारली, इथं लगाम खेचायचा. सावकाश दुडकीवर माझा लाल्या दहा पावलांत थांबला. आता दुप्पट वेगानं यायचं होतं. दोन खांबांमधली वेळ निम्मी येते का, ते मुली घड्याळात बघणार होत्या. माझ्या हिशोबानं वीस पावलं, बाईंच्या हिशोबानं चाळीस. "एवढी खात्री आहे तर चाळिसाच्या पुढं उभ्या राहा की!" मी म्हणालो. चेष्टा होती ती. बाईंनी पदर खोचला आणि जाऊन उभ्या राहिल्या. तेव्हाच उतरून त्यांना बाजूला करायला हवं होतं. पण मग मी हरलो असं झालं असतं ना... नाही केलं.

रेघेवर लगाम खेचला. वीस पावलं गेली. तीस गेली. मी टाचा फळीला रुतवून मागं झुकलेलो, लाल्याचे नाल डांबरावर घसरतायत आणि बाई समोर मोठ्या-मोठ्या होत चाललेल्या. लाल्या थांबला तेव्हा त्याच्या तोंडचा फेस बाईंच्या पदरावर उडाला होता.

"घोडा बिथरला आज," मी म्हणालो. बाई म्हणाल्या, "घोड्याचं गणित बरोबर आलं. नापास तुम्ही झालात." मुली हसल्या. बाईंनी मूठ उघडली तेव्हा आत खडूचा भुगा झाला होता. तो मी पाहिला आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

त्यानंतर भेट झाली की त्यांचं एकच, "किती पट, हुसेनभाई?" मी म्हणायचो, "दुप्पट." "चूक. बाकावर उभे राहा!" पुढं रिक्षा वाढल्या, लाल्याही गेला. मी म्हणालो, "बाई, धंदा चौपट झाला, पार बुडाला," तर म्हणाल्या, "चला, शब्द तरी तोंडातून आला!"

शेवटचं भेटलो तेव्हा त्या अंथरुणाला खिळलेल्या. हळूच विचारलं, "किती पट?" भाचा शेजारी उभा होता. सवयीनं म्हणालो, "दुप्पट." वाटलं, आता बाकावर चढवतील. बाईंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "बरं."

बरं म्हणजे काय? थकल्या होत्या, की मला खरंच कळलं नाही असं वाटून सोडून दिलं? चौपटच लागते हो. त्या रविवारीच कळलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी चौकाच्या कितीतरी आधी लगाम आवळायला लागलो. पूर्वी मी खेचला की बाईंची पाठ फळीवर आदळायची, मग म्हणायच्या, "टांगा थांबला, मी अजून चालूच आहे!" त्या रविवारनंतर हे वाक्य एकदाही ऐकलं नाही. हिसका का बसतो हे जन्मभर मुलींना शिकवणाऱ्या बाईला, न बसलेला हिसका कळला नसेल?

सुनेला विचारलं. म्हणाली, "कळलाच असणार, अब्बा. जेवून घ्या." पण ती टांग्यात कधी बसलेलीच नाही.