उंबऱ्यातले बूट

मामांविषयी लिहिण्याचा मला अधिकार आहे का, हे अजून कळत नाही. मी त्यांच्या नात्यातला नाही आणि लेखक तर नाहीच. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मीच, त्यामुळे लिहिलेलं चुकलं तर सांगायलाही घरी कोणी नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावं. मामांना जाऊन दीड महिना झाला.

राजारामपुरीतल्या आमच्या अभ्यासिकेच्या दारात ते राखणीला खुर्ची टाकून बसायचे. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. आम्ही कशाही काढलेल्या चपला ते काठीने जोडीजोडीने लावत, तोंडं रस्त्याकडे. निघताना पाय घातला की चालू पडायचं. "घरी तुमच्या आयाच हे करत्यात व्हय रे?" असं म्हणत, पण लावणं सोडत नसत.

सेकंड इयरला एका युद्धविरोधी कवितेतल्या अलंकारांवर निबंध लिहायचा होता. कवितेत एका घराच्या उंबऱ्यात पॉलिश केलेले बूट जोडीने ठेवलेत, तोंड घराकडे, आणि ते वाट बघतायत. एवढंच. मी मुरगूडसारख्या लहान गावचा, गाइड वाचून तयार झालेला... चेतनगुणोक्ती, प्रतीक, अनुप्रास असं करत सात गोष्टी शोधल्या आणि खुशीत कवितेसकट मामांना वाचून दाखवल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ह्यात मेलं कोण?"

मी म्हणालो, तसं कवितेत दिलेलं नाही.

"दिलंय की. सुट्टीवर घरात शिरणारा गडी बुटं भिरकावतो, लेका. जोडीनं लावत न्हाय. ही दुसऱ्या कुणीतरी लावल्यात."

मग हळूहळू सांगितलं. एका सोबत्याची ट्रंक घेऊन ते त्याच्या गावी गेले होते, कर्नाटकच्या हद्दीजवळ. सोबती परत येणार नव्हता. त्याच्या आईने ट्रंकेतले बूट काढले, पदराने पुसले, उंबऱ्याशी आत तोंड करून ठेवले आणि मामांना कानडीत विचारलं, जेवलास का... "दोन भाकरी खाल्ल्या मी तिथं," मामा म्हणाले, आणि सरळच असलेली एक चप्पल काठीने पुन्हा सरळ केली.

हे निबंधात लिहू का, मी विचारलं.

"बुटांचं लिही. आईचं नगं."

मी आईचं लिहिलं. नाव तर घातलं नाही ना, अशी मनाची समजूत काढली. निबंध वर्गात पहिला आला, मॅडमनी तो व्हरांड्यातल्या भित्तिपत्रिकेवर लावला, आणि त्या दिवसापासून मी अभ्यासिकेत जाणं बंद केलं. मामांना सांगून टाकायचं असं रोज ठरवायचो आणि कॉलेजच्या वाचनालयात जाऊन बसायचो. शेवटी एका सकाळी गेलो, तर दारात चपलांचा नुसता ढीग... खुर्ची आत भिंतीला टेकवलेली. मागच्याच आठवड्यात गेले, असं नोंदवहीपाशी बसलेल्या मुलीने सांगितलं.

ती आई आज या लिखाणात पुन्हा आली आहे. या वेळी मात्र मी मामांच्या मुलाला आधी विचारलं. ते "लिहा" म्हणाले.

हे लिहायला घेतलं आणि परवा कॉलेजच्या शिपाईकाकांनी मला व्हरांड्यात थांबवलं. "अभ्यासिकेतले हवालदार वारले म्हणं? आलते की हितं, तुझा कागद वाचाय." दोनदा वाचला म्हणे. व्हरांड्यात कोणी चपला काढत नाही, त्यांनी काढल्या होत्या. काकांना तेवढंच नवल वाटलं होतं.

"भिंतीपाशी जोडीनं लावून ठेवल्या, बघ. तोंड कागदाकडं."