अक्कांचा जंप शॉट

धाराशिवच्या दवाखान्यातून अक्का गेल्याचा फोन आला, तेव्हा मी त्यांच्याच ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. तेव्हापासून जो तो म्हणतो, बाई गरीब गाय, कसला म्हणून नाद नव्हता... ऐकून माझं डोकं उठतं. मी चौथी शिकलेली, चारचौघांत तोंड उघडत नाही, म्हणून इथं लिहिते. अक्कांना नाद होता. बास्केटबॉलचा.

पुण्याला शिकायला जाताना त्यांच्या मुलानं जुना मोबाइल घरी ठेवला, त्यात तो खेळ होता. दुपारी भांडी झाली की आम्ही दोघी माझ्या घरी बसायचो. बटण दाबून धरलं की खेळाडू उडी मारतो अन् शेजारची पट्टी भरत जाते, बोट उचललं की बॉल सुटतो; वेळ नेमकी साधली तर पट्टी हिरवी होते. माझा बॉल कायम कडीला लागून बाहेर. अक्का चिडायच्या. "अगं, त्या पट्टीकडं काय बघतीस? त्याच्या मनगटाकडं बघ. वर गेला, जरा थांबल्यावानी झाला... की सोड! खाली आल्यावर काय उपेग? भाकर करपल्यावर पलटतीस व्हय?" त्यांची पट्टी हिरवी झाली की तोंडात पदर धरून हसायच्या.

मग खरा बॉल टाकून बघायचं त्यांच्या मनानं घेतलं. शाळेच्या मैदानावर खांब आहे, जाळी आहे. माझ्यादेखत त्यांनी भावजींना, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला, विचारलं. भावजी म्हणाले, "घरात सून यायची येळ झाली, अन् तू उड्या मारतीस?" अक्का आत गेल्या.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. राहिलेली इच्छा बोलून दाखवली की शिवतो म्हणतात. कुणी म्हणालं, पोराचं लगीन थाटात करू. कुणी म्हणालं, तुळजापूरला ओटी भरू. कावळा फांदीवरच. भावजी म्हणाले, "तिची कसलीच इच्छा राह्यली न्हाय." थोरल्या दिरापुढं मी आजवर मान वर केली नव्हती. पण बोलले, "भावजी, अक्काला शाळंत बॉल टाकायचा व्हता."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. भावजी खाली बघत म्हणाले, "ठाव हाय मला. पण हितं कसं बोलावं?"

ठाऊक होतं! माणसांचं सोडा, कावळ्यापुढंसुद्धा त्यांना बायकोची लाज वाटली... थोड्या वेळानं कावळा शिवला. बाई सुखानं गेली म्हणत सगळे उठले. उपाशी कावळा तो, भात खायला आला.

परवा भावजी दारात आले. मोबाइल माझ्याकडंच राहिला होता; त्यातला खेळ काढून मोबाइल भाच्याला द्यायचा म्हणाले.

"देणार न्हाय," म्हटलं.

"का?"

"अक्काचा हाय."

आणि दार लावून घेतलं.