शहाजीरावांच्या दारातली खुर्ची

जुळे सोलापुरातल्या इंद्रायणीबाई शाळेतून निवृत्त झाल्या आणि मोबाइलवर बघून तारेनं कुलपं उघडायला शिकल्या. घरातली सगळी कुलपं उघडून झाल्यावर त्यांची नजर शेजारच्या शहाजीरावांच्या दारावर गेली. मंडळी अकलूजला लग्नाला गेली होती. दाराच्या फळीतच बसवलेलं पितळी, भारदस्त कुलूप होतं; दुसरं लावायला कडी-कोयंडा नव्हता. बाईंना राहवेना. “उघडून लगेच लावते,” असं पुटपुटत त्यांनी तार घातली. खट् झालं आणि कुलूप उघडलं.

पण ते लावायलाही किल्लीच लागायची, आणि तारेनं कुलूप लावायचं कसं हे मोबाइलवरच्या माणसानं शिकवलं नव्हतं. उघडं घर टाकून जाणार कसं? बाई दारात खुर्ची टाकून बसल्या. त्यांचे यजमान देवदत्तराव जेवणाचं ताट तिथंच आणून देऊ लागले.

“राखण करताय व्हय? कुणापासनं?” दूधवाल्यानं विचारलं. बाईंनी हातातली तार पदराआड केली.

अखेर शहाजीराव परतले. बाईंनी रडवेल्या आवाजात सगळं सांगून टाकलं.

“लई बरं झालं की!” शहाजीराव म्हणाले. “किल्ली अकलूजलाच राहिली. आता उद्या मोहोळला जायचंय. कुलूप तर लागत न्हाय. तेवढं बसता का?”

बाई “बरं” म्हणाल्या.